कान धरल्याचा सत्कार

आमच्या गावात माणूस मेला की दोन गोष्टी ठरलेल्या. सरणाची लाकडं ओली निघतात आणि रणधीर तात्या भाषण करतात. तात्या म्हणजे बेंबळी रोडवरच्या आमच्या गावांचे पुढारी. निवडून एकदाच आले, नंतर पडतच गेले, पण ‘माजी’ हा शब्द माणसाला आयुष्यभर पुरतो. चिता पेटली की ते पुढे होतात, हात पाठीमागे बांधतात, घसा खाकरतात आणि सांगतात की अत्यंत मनमिळाऊ, मितभाषी आणि सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारं व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून निघून गेलं, न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. मेलेला कोण, यावर हे भाषण अवलंबून नसतं. जन्मभर बांधावरून भावकीशी भांडलेला व्यंकट गेला तेव्हा तोही मनमिळाऊ होता. एकदा तर तात्यांनी मेलेल्याऐवजी त्याच्या जिवंत भावाचं नाव घेतलं. तो भाऊ समोरच उभा होता. भाषण संपेपर्यंत बिचारा मान खाली घालून ऐकत राहिला. बोलणार काय, तात्या त्याचं कौतुकच करत होते.

आम्हा बायकांनाही हे भाषण पाठ आहे. आम्ही ओढ्याच्या अलीकडे थांबतो, पण तात्यांच्या आवाजाला माईक लागत नाही.

माझी भाची राजनंदिनी हिने या आवाजाची नक्कल केली आणि तिथून सगळं सुरू झालं. मी तिची आत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवून रिटायर झाले आणि धाकटा भाऊ बलभीम याच्या घरात, म्हणजे माझ्या बापाच्या घरात, राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही याची चौकशी गाव अजून करतं आणि मी अजून सांगत नाही. घरात बलभीम, त्याची बायको कालिंदा, अकरावीतली राजी आणि मी. बोलणारी तोंडं दोनच, माझं आणि राजीचं. बाकीचे दोघे ऐकतात.

झालं असं की हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन दिवसांत शेतातल्या मोटारींना वीज पुरवणारा डीपी जळाला. विहिरीत पाणी, रानात हरभरा आणि मध्ये जळका डीपी. वायरमन येतो म्हणाला आणि आला नाही. राजी रानात गेली, बापाचा टॉवेल उपरण्यासारखा खांद्यावर टाकला, डीपीसमोर हात मागे बांधून उभी राहिली आणि तात्यांच्या आवाजात तिने श्रद्धांजली वाहिली. अत्यंत मितभाषी डीपी आज आपल्यातून निघून गेला. कितीही लोड आला तरी तो कधी कुणाला उलटून बोलला नाही. त्याच्या पश्चात सतरा मोटारी आणि एक बेपत्ता वायरमन असा परिवार आहे. मैत्रिणीने ते मोबाईलवर घेतलं, राजीने टाकलं, आणि दोन दिवसांत ते इकडे तेरपासून तिकडे वाशी तालुक्यापर्यंत फिरलं.

मी पोट धरून हसले आणि आमच्या रिटायर मास्तरांच्या ग्रुपवर पुढे पाठवलं. कालिंदा पदर तोंडाला लावून हसली. बलभीमही हसला. दोनदा लावून बघितलं त्याने. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे तो हे विसरला.

विसरला कुठे, तर स्टँडवरच्या हॉटेलात. तिथे कुणीतरी चहा पिता पिता म्हणालं की तात्यांच्या लई जिव्हारी लागलं म्हणे. झालं. बलभीमला यंदा गावच्या सोसायटीच्या निवडणुकीत पॅनलमध्ये नाव हवं होतं आणि पॅनल तात्यांचं होतं. हॉटेलातून घरी येईपर्यंत त्याच्या हसण्याचं पाणी आणि पाण्याचा घाम झाला. दारातूनच ओरडत आला की पोरीने घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आणली. राजी काहीतरी सांगायला उठली तर म्हणाला, तोंड उघडू नगंस. तिने मिटलं.

मी म्हटलं, अरे, तात्यांच्या घरी घेऊन जा, दोन शब्द बोलेल पोरगी, विषय संपेल. पण बलभीमच्या डोक्यात वेगळंच बसलं होतं. तो म्हणाला, “अक्का, तिनं जगापुढं केलंय. शिक्षा बी जगापुढंच व्हाया पायजे.”

कालिंदा एरवी नवऱ्यापुढे बोलत नाही. त्या दिवशी भाकरी थापता थापता, परातीकडेच बघत बोलली, “लेकराला रागवायचं तर दार लावून रागवावं. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

बलभीमने ऐकलं नाही. शनिवारी सकाळी, मारुतीला तेल घालायला निम्मं गाव येतं त्या वेळी, तो राजीला पारावर घेऊन गेला. तिला दोन्ही कान धरायला लावले. मी रणधीर तात्यांची, गावाची आणि माझ्या आईवडिलांची माफी मागते, पुन्हा असं करणार नाही, एवढं तिने म्हणायचं होतं. स्वतः बलभीमने मोबाईल धरला. तिने म्हटलं. आणि पुढचं मला अजून आठवलं की माझं डोकं तापतं. बलभीमने मोबाईल कानाला लावून ऐकलं आणि म्हणाला की घंटेचा आवाज आलाय, परत म्हण. तिने परत म्हटलं. तेलाच्या बाटल्या हातात घेऊन लोक बघत होते. मीही बघत होते. मोबाईल हिसकावून घ्यावा असं वाटलं, पण चारचौघांत भावाचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसले. पोरीचा झालेला चालला, भावाचा नको. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मला वाटलं, झालं, संपलं. पण संपेल कसं? बलभीमने तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर टाकला आणि खाली नमस्कारांचा पाऊस पडला. असा बाप पाहिजे. आजकाल असे पालक राहिले नाहीत. संस्कार म्हणतात ते हेच. ज्यांची पोरं दिवसभर पुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना बघत असतात, त्यांनी संस्कारावर सगळ्यांत लांब लिहिलं. उक्कडगावहून कुणा अनोळखी माणसाचा फोन आला, म्हणे तुमचा आदर्श घेतला आणि आमच्या पोराला काल चौकात उभं केलं. बलभीम फोन ठेवून माझ्याकडे असा बघायला लागला जणू त्याने धरण बांधलंय.

राजीचं काय झालं, ते कुणी विचारलं नाही. तिच्या कॉलेजातल्या पोरांनी त्या व्हिडिओतून तिचा कान धरलेला फोटो कापून त्याचा स्टिकर केला. कुणाला उशीर झाला, वही आणायची विसरली, की ग्रुपवर राजीचा स्टिकर. धाराशिवच्या बसमध्ये अनोळखी पोरी तिला बघून कान धरायच्या. पहिले काही दिवस ती गेली. मग एका सकाळी डबा भरलेला तसाच ठेवला आणि म्हणाली, कॉलेजला जायचं न्हाय मला. कारण सांगितलं नाही. स्टिकर तिने मला दाखवला तो मी खनपटीलाच बसले म्हणून.

घरात ती नक्कल करायची थांबली. आमच्याकडे जेवायला बसलं की राजी एकेकाला ताटाभोवती गोळा करायची. बँकेतला कॅशियर, बसमधली म्हातारी, फोनवर बोलणारी तिची मामी. बलभीम तर ठसका लागेपर्यंत हसायचा. आता चौघांच्या चावण्याचा आवाज तेवढा यायचा. आणि आमचा दिवटा मला काय म्हणतो? “बघ अक्का, पोरगी किती सुधरायली. एक शब्द बोलंना.”

मी म्हटलं, “मेलेलं माणूस बी मितभाषी असतं, बलभीम.”

त्याला कळलं नाही. त्याला त्या दिवसांत काही कळतच नव्हतं, कारण त्याचा सत्कार ठरला होता.

तात्यांच्या मंडळाच्या पोरांनी काढलेली टूम ती. निवडणुका तोंडावर, गाठीला कार्यक्रम नाही. मग ‘आदर्श पालक सत्कार सोहळा’. ग्रामपंचायतीसमोर मांडव, अध्यक्ष स्वतः तात्या. बलभीमने नवं जाकीट शिवायला टाकलं. आरशासमोर उभा राहून भाषण पाठ करायला लागला. “माझ्या पोटच्या पोरीला शासन करताना माझ्या काळजाला काय यातना झाल्या असतील” असं सुरू व्हायचं ते. यातना म्हणताना तो उजवा हात छातीवर ठेवायचा, कधी कधी डावा ठेवायचा आणि मग बदलायचा.

आणि मग त्याने सांगितलं की राजीलाही स्टेजवर बसायचंय. सगळ्या गावांपुढे तात्यांची समक्ष माफी मागायची, की विषय कायमचा संपला.

त्या दिवशी मी त्याला सोडलं नाही. म्हटलं, एका चुकीला किती वेळा फाशी देतात? कोर्टसुद्धा एकदाच देतं. पोरगी कॉलेज सोडून घरात बसलीय, ती तुला दिसत नाही? तो म्हणाला की यात तिचंच भलं आहे, माफी मागितली की लोक विसरतील. मी म्हटलं, लोक विसरले असते रे, तूच त्यांना विसरू देईनास. आवाज वाढले. कालिंदाने शेगडी बंद केली आणि परसात जाऊन बसली. शेवटी राजीच खोलीच्या दारात आली.

“येते मी,” म्हणाली. एवढंच. बलभीमने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी रात्रभर विचार केला की ही कशाला हो म्हणाली, आणि मला एकच उत्तर सापडलं की पोरगी मोडली.

सत्काराच्या दिवशी मांडव भरला होता. कार्यक्रमापेक्षा नंतरच्या मसाला दुधाला गर्दी जास्त होती. सूत्रसंचालन शिवशरण सरांकडे. हा माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, पुढे मास्तर झाला. पण मास्तरकी पोटापुरती, जीव सगळा माईकमध्ये. बारसं असो नाही तर बोअरचं उद्घाटन, शिवशरण सर हवेतच. त्यांची जीभ एकदा सुरू झाली की रुळावरून जाते, स्टेशन कुठलंही असो.

आता आमच्याकडच्या सत्काराची एक रीत सांगायला हवी. स्टेजवर जो बसला, त्याचा सत्कार झाल्याशिवाय तो खाली उतरत नाही. एखाद्याचा राहिला तर तो मरेपर्यंत लक्षात ठेवतो, म्हणून मंडळं खुर्च्यांइतक्या शाली मोजून आणतात. वर दोन जास्त. एकदा खुर्ची सरकवायला वर चढलेल्या मंडपवाल्यालाही शाल मिळाली होती. तो अजून थंडीत ती वापरतो.

त्या रीतीप्रमाणे सुरुवात झाली. शिवशरण सर नावं घेतायत, मंडळाचा कार्यकर्ता शाल देतोय, तात्या ती पांघरतायत, नारळ देतायत, हात जोडतायत. तात्यांचे हात यंत्रासारखे चालतात, डोळे समोर फोटोवाल्याकडे असतात. बँकेचे साहेब झाले, निवृत्त फौजदार झाले, बलभीमला फेटा बांधून झाला, शाल झाली. आणि शेजारच्या खुर्चीवर राजी. शिवशरण सरांची जीभ थांबली नाही. “यानंतर कुमारी राजनंदिनी बलभीमराव यांचाही शाल, श्रीफळ देऊन यथोचित सन्मान करण्यात येत आहे.” कार्यकर्त्याने शाल दिली. तात्यांनी ती राजीच्या खांद्यावर टाकली, नारळ हातात दिला, तिच्या बाजूला उभं राहून हात जोडले आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. फोटो निघाला. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

मग कुणालातरी उमगलं की गुन्हेगाराचाच सत्कार झाला. मागून एक खसखस उठली ती पुढच्या रांगेपर्यंत आली. बलभीमचा फेटा तेवढा हलत नव्हता, बाकी सगळा बलभीम थरथरत होता. त्याने शिवशरण सरांना खूण केली, माफी, माफी. पण सरांच्या रुळावर पुढचं स्टेशन वेगळं होतं.

“सत्काराला उत्तर देतील कुमारी राजनंदिनी.”

राजी उठली. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात माईक. कान धरायला हातच मोकळा नव्हता. मला वाटलं आता ती रडेल. किंवा तात्यांचा आवाज काढेल, आणि मग काय होईल ते देवच जाणे. मांडवातल्या निम्म्या लोकांना तेच हवं होतं, मोबाईल वर झाले होते.

तिने कुणाचाच आवाज काढला नाही. ती तिच्या आवाजात बोलली, आणि माझ्या लक्षात आलं की या मांडवातल्या लोकांनी तो आवाज नीट कधी ऐकलाच नाहीये.

“तात्यांची माफी म्या पारावर मागायच्या आदीच मागितलीय. शुक्रवारी कॉलेजातून येताना त्यांच्या घरी गेले हुते. एकटी. काकूंनी चहा दिला. तात्या म्हनले, वाशीपत्तोर नाव गेलं माझं, माफी कशाची मागायलीस.”

ती बापाकडे वळली नाही, लोकांकडेच बघत राहिली.

“पप्पांना सांगनार हुते. ते म्हनले तोंड उघडू नगंस. दुसऱ्या दिवशी पारावर उघडायला लावलं. तात्यांची माफी झाली हुती. मग पारावरली कुनाची हुती, त्ये मला अजून कळंना. कुनी सांगितलं तर बरं हुईल.”

माईक ठेवून ती खुर्चीत बसली, नारळ मांडीवर घेऊन.

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी आयुष्यात काही केलं नसेल, पण गर्दी कुणीकडे झुकली ते त्यांना गर्दीच्या आधी कळतं. त्यांनी माईक ओढला आणि म्हणाले, “व्हय. आली हुती लेक. म्या तवाच माफ केलंय.” वर हेही सांगितलं की मोठ्या मनाचा माणूसच मोठा होतो, आणि टाळ्या स्वतःच्या खात्यात जमा करून घेतल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता. तुम्ही माफ केलं होतं तर हा तमाशा कशाला मांडला, असं उभं राहून विचारायला हवं होतं. पण मी राजीकडे बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते. पोरगी मोडली नव्हती. मीच तिला ओळखलं नव्हतं.

शेवटी सत्कारमूर्ती आदर्श पालक बोलायला उभे राहिले. “माझ्या पोटच्या पोरीला,” बलभीम म्हणाला आणि थांबला. उजवा हात छातीवर गेला. पुढचं येईना. त्याने दोनदा तेवढंच म्हटलं, माझ्या पोटच्या पोरीला. मग जय हिंद, जय महाराष्ट्र म्हणून तो खाली बसला. लोक दुधाकडे वळले.

घरी आल्यावर बलभीमने जाकीट घडी करून ट्रंकेत टाकलं. सोसायटीच्या पॅनलचं कुणी नाव काढलं नाही, त्यानेही नाही. राजी सोमवारी डबा घेऊन कॉलेजला गेली. स्टिकर अजून फिरत होता, आता शाल पांघरलेलाही एक निघाला होता. मी विचारलं त्रास होतो का, तर म्हणाली व्हतो, पन कमी. बापाशी मात्र ती कामापुरतं बोलायची. पाणी ठेवलंय, मोटार चालू झाली, असलं. तो बिचारा कारण नसताना तिच्या आसपास घुटमळायचा. एकदा बसस्टँडवर सोडतो म्हणाला. ती चालत गेली.

रविवारी दुपारी चौघं जेवायला बसलो होतो. कालिंदाने येसरची आमटी केली होती, बलभीमच्या आवडीची. त्याने भाकरी चुरली आणि चुरतच राहिला. मग आमटीच्या वाटीला सांगावं तसं म्हणाला, “बोल की गं कायतरी.”

राजीने हात धुतला. खुंटीवरचा बापाचा टॉवेल घेतला, डोक्याला फेट्यासारखा गुंडाळला आणि आमच्यासमोर उभी राहिली. कालिंदाचा हात पातेल्यात तसाच राहिला. राजी बलभीम झाली. उजवा हात छातीवर, मग तो काढून डावा, मग परत उजवा. माझ्या पोटच्या पोरीला. मला हसू आवरेना. मी हसले, कालिंदाही हसली. मग राजीने हातात नसलेला मोबाईल धरला, एक डोळा बारीक केला आणि बापाच्या आवाजात म्हणाली, “घंटेचा आवाज आलाय. परत म्हन.”

माझं हसू तिथेच अडकलं. कारण मोबाईल धरलेला तिचा हात कापत होता. बारीक, मनगटापासून. आम्ही सगळे पारावर उभे होतो त्या दिवशी, पण बलभीमचा हात कापत होता हे आमच्यापैकी कुणी बघितलं नव्हतं. कान धरून समोर उभ्या असलेल्या पोरीने बघितलं होतं. तिने तो हात तसाच थोडा वेळ धरला, मग खाली घेतला आणि टॉवेल सोडून पुन्हा खुंटीवर टाकला.

बलभीम हसला नाही. रागावलाही नाही. त्याने विचारलं, आणि विचारताना तो खरंच घाबरलेला होता.

“ह्ये कुटं टाकनार हैस का?”

“न्हाय पप्पा,” राजी म्हणाली आणि आपल्या ताटावर येऊन बसली. “घरातलं हाय. घरातच ऱ्हाईल.”